व्हेपर लॉक आणि कार्बमधला बर्फ: पावसाळ्यात पंपावर ओला फडका गुंडाळू नका

इंजिन अडखळलं, आरपीएम (मिनिटाचे फेरे) पडले की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो ‘व्हेपर लॉक’. मे असो नाहीतर ऑगस्ट, रणरणतं ऊन असो नाहीतर पावसाच्या दोन सरींमधली उघडीप, निदान तेच आणि उपायही तोच, फ्युएल पंपावर ओला फडका. घरी बांधलेल्या छोट्या विमानांच्या इंजिनांवर मी बरीच वर्षं काम करतोय आणि हे ऐकून खरंच कंटाळलोय. कारण पावसाळ्यातलं हे दुखणं बहुतेक वेळा व्हेपर लॉकचं नसतंच, कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, थोडक्यात कार्ब) गळ्यात बर्फ धरलेला असतो. आणि या दोघांचे उपाय एकमेकांच्या बरोब्बर उलटे आहेत, एकाला गारवा पाहिजे, दुसऱ्याला ऊब, त्यामुळे निदान चुकलं की उपायानेच दुखणं वाढतं.

व्हेपर लॉक आपल्याला माहितीच आहे. ज्यांच्या घरी प्रीमियर पद्मिनी नाहीतर अँबॅसॅडर होती त्यांनी मानपूरच्या घाटात बॉनेट उघडून, पंपावर पाण्याचा फडका ठेवून थांबलेले वडील बघितलेत. पेट्रोल लाइनमधेच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, पंपाला द्रव ओढता येत नाही. विमानात अजून दोन गोष्टी, वर गेलं की हवेचा दाब कमी म्हणून पेट्रोल लवकर उकळतं, आणि टाकी खाली पंखात असेल तर पंपाला ते वर खेचावं लागतं, खेचणाऱ्या बाजूला दाब आणखी कमी. कारचं पेट्रोल अॅव्हगॅसपेक्षा (विमानाच्या खास पेट्रोलपेक्षा) लवकर वाफ धरतं. म्हणून बूस्ट पंप (पेट्रोल पुढे ढकलणारा जादा पंप) टाकीजवळ, लाइनला फायरस्लीव्ह म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, काटकोनी वळणं नकोत, गॅस्कोलेटरवर (पेट्रोलमधलं पाणी-गाळ अडवणाऱ्या वाटीवर) थंड हवेची नळी, रोटॅक्स 912 इंजिन असेल तर जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन. एवढं केलं की बहुतेक काम झालं, यावर जास्त लिहीत नाही.

आता बर्फ. “बर्फ? इंदूरमधे? पंचवीस-सव्वीस डिग्रीला?” हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. त्याला मी म्हणतो, रात्री सराफ्यात, आपल्या खाऊगल्लीत जा. भुट्ट्याचा किस खा, पण खाताना नजर कढईवर न ठेवता खाली गॅसच्या सिलिंडरवर ठेवा. मोठी भट्टी जोरात चालू असली की त्या सिलिंडरच्या खालच्या भागावर पांढरी साय धरलेली दिसते, बोट फिरवलं की खरवडून निघते. ते दव नाही, बर्फ आहे, आणि बाजूला माणूस घामाने भिजलेला असतो. कारण साधं आहे, आत द्रव गॅसची भराभर वाफ होते, वाफ व्हायला उष्णता लागते, ती सिलिंडरच्या पत्र्यातून ओढली जाते, पत्रा शून्याच्या खाली जातो आणि बाहेरच्या दमट हवेतलं पाणी त्यावर गोठतं. कार्बोरेटरमधे हेच होतं. पेट्रोल जेटमधून फवाऱ्यासारखं बाहेर पडतं, तिथल्या तिथे वाफ होतं, आणि शिवाय व्हेंच्युरीत (गळ्याच्या अरुंद भागात) दाब पडल्याने हवा आणखी गार होते. दोन्ही मिळून तापमान तीस डिग्रीपेक्षाही जास्त उतरू शकतं. बाहेर 26 असेल तर गळ्यात उणे 4. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या पायलट हँडबुकमधे तर बाहेर 38 डिग्री आणि ह्युमिडिटी 50 टक्के असतानाही बर्फ धरू शकतो असं स्पष्ट लिहिलंय.

इथे एक जण नेहमी हुशारीचा मुद्दा काढतो, की पावसाळ्यात तर माठातलं पाणी पण गार होत नाही, कूलर बंद करून ठेवावा लागतो, मग दमट हवेत कार्ब गार कसा होईल? हाच खरा गुंता आहे, म्हणून नीट समजून घ्या. माठ गार होतो तो पाण्याची वाफ झाल्याने, आणि हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर अजून पाण्याला जागा नाही, म्हणून माठ हरतो. कार्बमधे वाफ पाण्याची होत नाहीये, पेट्रोलची होतेय. हवेत पाणी किती आहे याचं पेट्रोलला काही देणंघेणं नाही, ते कोरड्या हवेत जेवढं उडेल तेवढंच ओल्या हवेतही उडणार. म्हणजे गारवा पेट्रोलने द्यायचा आणि गोठायला पाणी हवेने पुरवायचं. दोघं वेगवेगळ्या खिशातून खर्च करतात. जी दमट हवा माठाचं काम बिघडवते तीच इथे बर्फाचा कच्चा माल आणून देते.

म्हणूनच ‘बर्फ म्हणजे हिवाळ्याची भानगड’ हे डोक्यातून काढा. पाच डिग्रीच्या हवेत, ती अगदी पूर्ण दमट असली तरी, एका घनमीटरमधे सात ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं. पंचवीस डिग्रीच्या दमट हवेत वीस ग्रॅमच्या वर असतं. अठराशे सीसीचं इंजिन 3000 आरपीएमला मिनिटाला साधारण दोन घनमीटर हवा ओढतं, म्हणजे आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत मिनिटाला चाळीसेक ग्रॅम पाणी त्या अंगठ्याएवढ्या गळ्यातून जातंय. त्यातलं थोडंसं जरी थ्रॉटलच्या (हवा कमीजास्त करणाऱ्या) पाकळीवर चिकटलं तरी पुरे. आणि थ्रॉटल कमी केलेला असताना जास्त वाईट, कारण पाकळी जवळजवळ बंद, फट केसाएवढी, दाब पडतो तिथेच, आणि कमी पॉवरला इंजिनची ऊबही कमी. उतरताना, लांबवर टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना), ओल्या गवतावर इंजिन आयडल ठेवून गप्पा मारताना, नुकताच पाऊस थांबलेला असताना हे सगळ्यात जास्त होतं.

गेल्या ऑगस्टमधे माझ्या मामेभावाकडे हेच झालं. खंडवा रोडच्या बाजूला शेडमधे त्याचं दोन सीटचं विमान आहे, स्वतः बांधलेलं, इंजिन फोक्सवॅगनचं 1835 सीसीचं कन्व्हर्जन. परवानगीचे कागद चालू होते म्हणून उडवणं नाही, फक्त ग्राउंड रन आणि टॅक्सी. दर वेळी दहाबारा मिनिटांनी आरपीएम हळूहळू घसरायचे, 1800 चे 1650, मग 1550, तो नकळत थ्रॉटल जरा पुढे सारायचा, थोडं सावरायचं, परत घसरायचं, शेवटी फडफडून बंद. एका ओळखीच्या मेकॅनिकने बघितल्या बघितल्या सांगितलं, “भिया, पेट्रोल गैस बन रिया है.” मग पंप बदलला, सगळ्या होजना फायरस्लीव्ह चढवली, काउलला (इंजिनवरच्या झाकणाला) दोन जास्तीची भोकं पाडली हवा खेळती राहावी म्हणून, आणि इंजिन पहिल्यापेक्षाही लवकर बंद पडायला लागलं. पडणारच की, भोकातून येणारी गार हवा सरळ कार्बवर जात होती!

मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, दादा, आता काही उघडू नकोस, बंद पडेपर्यंत चालव आणि पडलं की मला लगेच हात लावू दे. प्रॉप थांबला, प्लगला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचे दोन्ही स्विच बंद केले, आणि कार्बच्या वर मॅनिफोल्डच्या नळीला हात लावला तर फ्रिजरमधल्या ट्रेसारखी गार, बाहेरून खरबरीत पांढरी, नखाने ओरखडा काढला तर बर्फाचा चुरा बोटावर आला आणि बघता बघता पाणी झालं. सिलिंडरला हात लावला असता तर फोड आला असता, आणि हातभर अंतरावर हे. दहा मिनिटांनी नळी कोरडी, कोमट, इंजिन पहिल्या झटक्यात चालू. तीन आठवडे हाच प्रकार होत होता, तो दर वेळी इंजिन गार व्हायची वाट बघून कार्ब खोलायचा आणि आत सगळं चकाचक. सापडणार काय, जे बघायचं होतं ते वितळून गेलेलं.

ओळखायचं कसं तर मला सगळ्यात भरवशाची वाटते ती ही थांबून बघायची पद्धत. बर्फ असेल तर इंजिन बंद केल्यावर दहापंधरा मिनिटांत आपोआप बरं होतं, कारण इंजिनची ऊब वर चढते आणि बर्फ वितळतो. व्हेपर लॉक असेल तर बंद केल्यावर आधी आणखी बिघडतं, कारण वाहती हवा थांबते आणि काउलमधलं तापमान वाढतं, भर दुपारी उतरून चहा पिऊन परत स्टार्ट मारला की त्रास देतं ते हेच. दुसरी खूण फ्युएल प्रेशरचा काटा, व्हेपर लॉकमधे तो थरथरतो, पडतो, बर्फात जागचा हलत नाही. आणि व्हेपर लॉक फुल थ्रॉटलला टेकऑफच्या वेळी गाठतो, जेव्हा पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं, बर्फ मात्र कमी थ्रॉटलला दबक्या पावलाने येतो. प्लग, मॅग्नेटो, पेट्रोलमधलं पाणी हे वेगळे विषय, मॅग चेक आणि टाकीच्या तळाचं सँपल घेतलं की पाच मिनिटांत कळतं.

बर्फावर उपाय एकच, कार्ब हीट. सायलेन्सरभोवती पत्र्याचं आवरण, त्यातून तापलेली हवा पाकळी फिरवून कार्बला द्यायची. आणि इथेच लोकांची सगळ्यात घातक चूक होते. नॉब ओढला की पहिल्यांदा आरपीएम आणखी पडतात, गरम हवा विरळ असते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. मग वितळलेलं पाणी इंजिनात जातं, इंजिन आचके देतं, माणूस घाबरून नॉब परत आत ढकलतो. नाही! तेच तर बर्फ सुटल्याचं लक्षण आहे, दात ओठ खाऊन नॉब बाहेरच ठेवा, थोड्या वेळात आरपीएम वर येतात. अर्धा नॉब ओढणं ही दुसरी वाईट सवय, ज्या हवेत बर्फ धरला नसता ती अर्धवट तापून नेमकी बर्फ धरायच्या टप्प्यात येऊ शकते, त्यामुळे कार्बचं तापमान दाखवणारा गेज नसेल तर पूर्ण नाहीतर काहीच नाही. उतरताना थ्रॉटल कमी करायच्या आधी हीट ओढा, नंतर नाही, कारण थ्रॉटल कमी केल्यावर सायलेन्सरच गार व्हायला लागतो आणि मग द्यायला ऊब उरत नाही. एकच सांभाळा, ही हवा बहुतेक विमानांत फिल्टरमधून येत नाही, म्हणून धुळीत टॅक्सी करताना उगाच ओढून ठेवू नका.

वजन वाचवायला हीटचा बॉक्स काढून टाकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आठशे ग्रॅम वाचवायला आपला जीव पणाला लावायचा? फोक्सवॅगनच्या मूळ बीटल गाडीत मॅनिफोल्डला सायलेन्सरच्या उबेची नळी जोडलेली होती, कंपनीने ती शोभेला दिली नव्हती, विमानाचं कन्व्हर्जन करताना बरेच जण तीच पहिली कापतात. विमानांच्या तयार इंजिनांपैकी लायकमिंगच्या बहुतेक छोट्या इंजिनांत कार्ब ऑइल संपला (खालच्या तेलाच्या टाकीला) चिकटून असतो, आयती ऊब मिळते, काँटिनेंटल ओ-200 मधे तो लांब खाली टांगलेला, म्हणून ते बर्फाला जास्त बळी पडतं. पण लायकमिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सर्टिफाइड विमानांसाठी अमेरिकेत नियम होता की साध्या व्हेंच्युरी कार्बच्या इंजिनला 75 टक्के पॉवरला हीटने हवा 90 फॅरनहाइट, म्हणजे 50 सेल्सिअस डिग्रीने तापली पाहिजे. आपल्या विमानाला तो नियम लागू नसला तरी मी तोच आकडा धरून चालतो आणि प्रोब लावून मोजतो, अंदाजावर सोडत नाही.

दर वर्षीच्या तपासणीत आवरण काढून सायलेन्सरला भेग आहे का बघायचं, भेग असेल तर जळका धूर सरळ कार्बमधे जातो. केबलचा क्लँप घट्ट आहे का, पाकळी दोन्ही टोकांना पूर्ण टेकते का हे हाताने बघायचं, नॉबच्या हालचालीवर विश्वास ठेवायचा नाही. रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीत) हीट ओढल्यावर आरपीएम अजिबात पडले नाहीत तर खूश होऊ नका, पाकळी उघडलेलीच नाही.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट राहिली. 2023 पासून पंपांवर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉलची वाफ व्हायला किलोमागे पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते, म्हणजे कार्ब आणखी गार, शिवाय ते पाणी धरून ठेवतं आणि जुने रबरी होज खातं. इंजिनच्या मॅन्युअलमधे चालेल असं लिहिलेलं नसेल तर टाकू नका, टाकी भरायच्या आधी मोजपात्रात थोडं पाणी आणि पेट्रोल हलवून बघा, खालची पाण्याची पातळी वाढली तर इथेनॉल आहे.

मामेभावाने काउलची ती भोकं पत्रा लावून बुजवली, आम्ही दोघांनी दोन रविवार घालवून स्टेनलेसचं आवरण आणि हीट बॉक्स बसवला. सप्टेंबरमधे नुकताच पाऊस थांबलेला, गवत ओलं, अशा दिवशी मुद्दाम पंधरा मिनिटं आयडल ठेवलं, मग 1800 ला नेलं तर ते 1600 वरच अडकलं. त्याने नॉब पूर्ण ओढला. 1500 झाले, इंजिन खडखडलं, त्याचा हात नॉबकडे गेला आणि मी तो धरून ठेवला. मनात वीसपर्यंत मोजले असतील, काटा 1720 वर येऊन स्थिर झाला, मग हीट आत ढकलली आणि 1800 पूर्ण.