घरगुती वायरिंगमधील दोषशोध

घरातील विद्युत मंडले क्रमाने तपासून बिघाडाची नेमकी जागा हुडकण्याची पद्धती. वायर तुटणे, फेज (वीज आणणारी वायर) व न्यूट्रल (परतीची वायर) शॉर्ट होणे, अर्थिंगकडे गळती होणे आणि जोड सैल पडणे हे नेहमीचे दोष. सर्वांत कपटी शेवटचा, कारण उपकरणे चालूच राहतात. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम असेल आणि त्यातून १६ अँपिअर प्रवाह गेला, तर त्या एका स्क्रूपाशी १२८ वॅट उष्णता तयार होते. प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबीला, म्हणजे जादा प्रवाहाला मंडल तोडणाऱ्या स्विचला, त्याचा पत्ताही लागत नाही. जळका वास किंवा काळवंडलेला सॉकेट हाच काय तो पुरावा.

निऑन टेस्टर फेज आहे की नाही एवढेच सांगतो, आणि तेही अनेकदा फसवे असते. सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत तो पेटला की 'दोन्हीकडे फेज आली' म्हणून गोंधळ उडतो. बहुतेक वेळा न्यूट्रल मागे कुठेतरी सुटलेली असते आणि चालू असलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज उलट न्यूट्रलच्या वायरीत उतरलेली असते. त्या मंडलावरचे सगळे स्विच बंद करून प्लग काढले, की दुसऱ्या छिद्रातला टेस्टर विझतो किंवा निदान मंदावतो.

डिजिटल मल्टिमीटर अचूक खरा, पण त्याचा अंतर्गत रोध सहसा १० मेगाओहमच्या आसपास असतो. त्यामुळे शेजारून चालू वायर गेली असेल, तर तुटक्या वायरीवरही तो बरेच व्होल्ट दाखवतो. टेस्ट लॅम्प (तपासणीसाठीचा साधा दिवा) भार म्हणून जोडताच हे खोटे व्होल्ट नाहीसे होतात. भार न टाकता घेतलेल्या मापावर फार विसंबू नये.

पुढचे काम मेन बंद करून, वायर मृत असल्याची खात्री करून आणि खात्रीचे साधन आधी व नंतर चालू पुरवठ्यावर तपासूनच करायचे. मंडल मधल्या जंक्शन बॉक्सपाशी तोडून कोणता अर्धा भाग सदोष ते पाहतात, मग त्याचेही दोन भाग करतात. इन्सुलेशनची परीक्षा मेगरने, म्हणजे जास्त दाब देऊन रोध मोजणाऱ्या मीटरने, होते. आयईसी ६०३६४ मानकानुसार २३० व्होल्टच्या मंडलात ५०० व्होल्ट डीसी दाबाला किमान १ मेगाओहम रोध मिळायला हवा. इलेक्ट्रॉनिक उपकरणे आधी काढली नाहीत, तर ती मेगरच्या दाबाने बिघडू शकतात.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गेलेल्या व परतलेल्या प्रवाहात फरक पडताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडतो तेव्हा संशय फेजवरच घेतला जातो. पण कुठे न्यूट्रल अर्थिंगला टेकली असेल, तरीही तो पडतो. एकध्रुवी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून ज्याचा एमसीबी खाली पाडला आहे ते मंडलही दोषी असू शकते. इतर मंडलांचा परतीचा प्रवाह त्याच्यामार्फत अर्थिंगमध्ये वाट काढतो. मेन बंद ठेवून न्यूट्रल लिंकवरची (सगळ्या न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीवरची) एकेक वायर सोडवावी आणि अर्थिंगशी तिचा रोध मोजावा. जी मोजकेच ओहम दाखवते, ती सदोष.