बर्फावरचा काळा किडा आणि त्याच्या पावलाची पेरं

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका मित्राने फेब्रुवारीत फोटो पाठवला. ट्राउटसाठी गळ टाकायला गेला होता, तर ओढ्याकाठच्या बर्फावर सेंटिमीटरभरही लांबी नसलेले काळे किडे चालत होते. सोबत प्रश्न होता: ‘हवामानबदलामुळे किडे वेळेआधी बाहेर पडले का?’

नाही. हे किडे अगदी वेळेवर आले आहेत. हे हिवाळी स्टोनफ्लाय, ओढ्याच्या पाण्यात वाढणारे कीटक. यांची पिल्लं, म्हणजे निम्फ, उन्हाळ्यात ओढ्याच्या तळातल्या खडी-वाळूत शिरून निपचित पडतात. शरद ऋतूत पानगळ होते, पाणी गार होतं, मग ती जागी होतात आणि कुजकी पानं खाऊन झपाट्याने वाढतात. गार पाण्यात प्राणवायूही भरपूर असतो: 0 अंशाला लिटरमागे सुमारे 14.6 मिलिग्रॅम, 25 अंशाला जेमतेम 8.3. वाढ पूर्ण झाली की निम्फ काठावर चढतात, कात टाकतात आणि प्रौढ किडे बर्फावर फिरू लागतात.

याच राज्यात 1887 पासून दर 2 फेब्रुवारीला ग्राउंडहॉग या बिळात राहणाऱ्या प्राण्याची सावली पाहून थंडी किती लांबेल ते सांगतात. लोकांना त्या दिवसाची मौज वाटते, पण त्याला अंदाज म्हणू नये. तसंच बर्फावर किडा दिसला म्हणून हवामान बिघडलं असंही म्हणू नये. तापमानवाढीचा खरा धोका त्यांच्या काही भाईबंदांना आहे. मोंटानातल्या हिमनद्यांच्या वितळपाण्यात राहणारी लेडनिया टुमाना ही जात 2019 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आली.

आता ओळख. बर्फावर उड्या मारणारे एक-दोन मिलिमीटरचे ठिपके दिसले तर ते स्प्रिंगटेल. पंखांची एकच जोडी असेल आणि शेपट्या नसतील, तर ते चिलट. स्टोनफ्लायच्या पंखांच्या दोन जोड्या पाठीवर सपाट मिटलेल्या असतात. काही नरांचे पंख मात्र इतके आखूड असतात, की किडा बिनपंखी वाटतो.

इथून पुढे मला सर्वात आवडणारी खूण: पाऊल. दहापट भिंग घ्या. पावलाला आपल्या बोटासारखी तीन पेरं असतात आणि शेवटच्या पेराला दोन नखं. तिन्ही पेरं साधारण सारख्या लांबीची असतील तर कुळ टीनिओप्टेरिजिडी. मधलं पेर चिमुकलं आणि त्याच्या अलीकडचं-पलीकडचं लांब असेल तर आता शेपट्या पाहा. त्या लांब आणि मण्यांच्या माळेसारख्या अनेक खंडांच्या असतील तर कॅप्निडी. शेपट्या नुसत्या खुंटासारख्या आणि पंख अंगाभोवती सुरळीसारखे गुंडाळलेले असतील तर ल्युक्ट्रिडी. शेपट्या आखूड, पण पंख सपाट आणि पुढच्या पंखाच्या टोकाजवळच्या शिरांची फुली दिसत असेल तर नेमुरिडी. रंगावर विसंबू नका. ही चारही कुळं काळी-तपकिरी असू शकतात.

निम्फ हाती लागला तर त्याला उताणा करा. प्रत्येक पायाच्या मुळाशी बोटासारखा एकेक कल्ला असेल, तर तो टीनिओप्टेरिक्स प्रजातीचा (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट). मेफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्याच्या निम्फशी गल्लत होते, पण त्याचे कल्ले पोटाच्या बाजूंना असतात आणि प्रत्येक पायाला नख एकच.

कुळापर्यंत हे ओढ्याकाठी जमतं. जात ठरवायला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो. पूर्व अमेरिकेत हिवाळ्यात भरपूर दिसणाऱ्या ॲलोकॅप्निया प्रजातीत नराच्या पोटाच्या टोकाशी एक अवयव पाठीवर उलटा वळलेला असतो. त्याचा आकार आणि पोटाच्या आठव्या वलयावरचा उंचवटा यांवरून जाती वेगळ्या करतात. म्हणून मित्राला सांगितलं, फोटोवर थांबू नको. दोन-चार किडे अल्कोहोलच्या कुपीत ठेव, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाक: ओढा, तारीख, पाण्याचं तापमान. आणि त्यात निदान एक तरी नर असू दे.