रोबोटिक पायलोप्लास्टी

किडनी आणि मूत्रवाहिनी यांच्या सांध्यातील अडथळा काढून लघवीची वाट मोकळी करणारी, पोटाला बारीक छिद्रे पाडून केली जाणारी शस्त्रक्रिया. नाव थोडे फसवे आहे. रोबो स्वतःहून एकही टाका घालत नाही. शेजारच्या कन्सोलवर बसलेल्या सर्जनच्या बोटांची हालचाल तो आतल्या अवजारांपर्यंत पोचवतो, एवढेच.

मूत्ररोगतज्ज्ञ या सांध्याला ‘पीयूजे’ म्हणतात. तो बहुधा जन्मतःच अरुंद असतो; कधी किडनीच्या खालच्या टोकाकडे जाणारी रक्तवाहिनी त्याच्यावरून आडवी जाते. लघवी तुंबते, किडनी फुगते आणि दाबाखाली तिचा काम करणारा थर पातळ होत जातो. भरपूर पाणी प्यायल्यावर कुशीत कळ येणे ही ओळखीची खूण, पण कित्येकांना काहीच जाणवत नाही. हल्ली पुष्कळदा बाळ पोटात असतानाच सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसते. फुगलेल्या प्रत्येक किडनीला शस्त्रक्रिया लागत नाही. कोणती किडनी किती काम करते आणि लघवी किती वेळात खाली उतरते, हे डीटीपीएसारख्या स्कॅनमध्ये पाहून निर्णय होतो.

मूळ पद्धत अँडरसन आणि हाइन्स यांची, 1949 मधली. अरुंद भाग कापून टाकायचा, मूत्रवाहिनीचे तोंड उभे चिरून रुंद करायचे आणि ते किडनीच्या नरसाळ्याला, म्हणजे लघवी गोळा होते त्या नरसाळ्यासारख्या भागाला, शिवायचे. आडवी रक्तवाहिनी मात्र कापत नाहीत, कारण ती ज्या भागाला रक्त पुरवते तो भागच मरतो. सांधा तिच्या पुढच्या बाजूला आणून जोडतात.

खरी कसोटी शिवणाची. मूत्रवाहिनी जेमतेम 3-4 मिमी जाडीची, धागा त्याहून कितीतरी बारीक. साध्या दुर्बिणीच्या सरळ, ताठ अवजारांनी हे टाके घालणे जिकिरीचे असते. रोबोची अवजारे मनगटासारखी वळतात, हाताचा कंप गाळला जातो आणि दृश्य मोठे, त्रिमितीय दिसते. मात्र बहुतेक यंत्रांत स्पर्श कळत नाही. धागा किती ताणला हे डोळ्यांनीच जोखावे लागते. सराईत हाताने दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेचे यशही जवळपास तेवढेच असते, खर्च मात्र रोबोचा जास्त.

शिवण भरून येईपर्यंत आत डीजे स्टेंट ही मऊ नळी ठेवतात आणि साधारण 4 ते 6 आठवड्यांनी काढतात. बरे वाटू लागले म्हणून ती काढायची राहून गेली, तर तिच्यावर खडे चढतात आणि वाचवलेली किडनी पुन्हा तुंबू शकते.