ओपन वर्ल्ड जेआरपीजी : तुलनात्मक नोंद

ओपन वर्ल्ड जेआरपीजी (जपानी रोल-प्लेइंग गेम) म्हणजे जपानी घडणीचा, कथा आणि लेव्हल (पात्राच्या ताकदीची पातळी) यांच्या आधारे पुढे सरकणारा व्हिडिओ गेम, ज्यात विस्तीर्ण मुलखात कुठे आणि कोणत्या क्रमाने जायचे हे बव्हंशी खेळाडूच ठरवतो. जेआरपीजीचा पाया 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) आणि 'फायनल फँटसी' (१९८७) यांनी घातला. 'फायनल फँटसी'चा नकाशा मोठा होता, पण राजा पूल बांधून देईपर्यंत आणि पुढे जहाज मिळेपर्यंत पलीकडचा मुलूख बंदच राही.

या गेमांची तुलना सहसा नकाशाच्या आकारावरून केली जाते. हे माप फसवे आहे. अंतर कापण्यासाठी गेम खेळाडूकडून काय वसूल करतो, हे पाहिले तर फरक अधिक स्पष्ट होतात.

'झेनोब्लेड क्रॉनिकल्स'मध्ये (२०१०) दोन महाकाय देहांवर वसलेले जग आहे. एकदा पाहिलेल्या ठिकाणी फुकट आणि क्षणात परतता येते. मात्र सुरुवातीच्याच माळावर किरकोळ प्राण्यांच्या शेजारी ऐंशीच्या वरच्या लेव्हलचा राक्षसी वानर हिंडत असतो, त्यामुळे वाट मोकळी असली तरी भीती पहारा देते. 'फायनल फँटसी १५' (२०१६) मोटारीतून फिरवतो. दिवसभर मिळवलेले अनुभवगुण (ज्यांनी लेव्हल वाढते) मुक्काम केल्यावरच जमा होतात, म्हणून रात्री तंबू ठोकणे, सोबती इग्निसच्या हातचे जेवण आणि दुसरा सोबती प्रॉम्प्टो याने काढलेले फोटो हा प्रवासाचा हिशेबच बनतो. उत्तरार्धात मात्र कथा रेल्वेने एका सरळ रेषेत धावू लागते, आणि ही जोडणी ठिगळ लावल्यासारखी वाटते.

'ड्रॅगन्स डोग्मा २' (२०२४) सर्वांत कडक. झटपट प्रवासाला दुर्मीळ, महागडा दगड खर्चावा लागतो. स्वस्त पर्याय बैलगाडीचा, आणि तीत डुलकी लागली असताना वाटेत हल्ला होऊन गाडी मोडू शकते. त्याच वर्षीचा 'फायनल फँटसी ७ रिबर्थ' याच्या उलट टोकाला आहे. मनोरे सुरू करताच नकाशावर कामांच्या खुणा उमटतात आणि शोधाची जागा यादी घेते. प्रत्येक प्रदेशातील चोकोबो पक्ष्याची वेगळी करामत, उदाहरणार्थ जुनॉनमधल्याचे कडा चढणे, ही त्यातली खरी गंमत.

'एल्डन रिंग' (२०२२) या गटात मोडतो की नाही याबद्दल मतभेद आहेत, पण दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांच्या या गेमला वगळून तुलना पुरी होत नाही. सोनेरी प्रकाशरेषा दिशा तेवढी दाखवतात. दुर्ग लांबून दिसतो, आत शिरणे मात्र वेगळीच गोष्ट. देवगिरीच्या खंदकावरील अरुंद पूल आणि पुढची अंधारी वाट पार केलेल्याला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

मराठवाड्यात कन्सोल (टीव्हीला जोडायचे गेमयंत्र) असलेली घरे थोडीच; खेळ बहुतांशी मोबाइलवर चालतो. त्यामुळे अनेकांना या धाटणीची पहिली ओळख 'गेन्शिन इम्पॅक्ट'मधून (२०२०) होते, जो जपानी वळणाचा असला तरी चिनी कंपनीचा आहे. वरीलपैकी एकाही गेमचा मजकूर मराठीत नाही, आणि इथेच तुलनेचे पारडे फिरते. इंग्रजीत अडखळणारा लातूर किंवा परभणीचा खेळाडू नकाशावरील खुणांच्या बळावर 'रिबर्थ' निभावून नेतो. 'एल्डन रिंग'मध्ये मात्र पुढच्या कामाचा धागा एखाद्या पात्राच्या तुटक वाक्यात किंवा वस्तूच्या वर्णनात दडलेला असतो, आणि तो न वाचता आल्यास पात्रांच्या उपकथा अर्ध्यातच सुटतात.