फुकटची मच्छरदाणी अडगळीत पडते?

खानापूरच्या बाजारात, निपाणीच्या कट्ट्यावर हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय: "फुकट दिलेलं कोण वापरतंय? चार पैसे घेतले की किंमत कळते." मच्छरदाणी असो की औषध, दरवेळी हेच. ऐकायला पटतं, पण तपासल्यावर ते टिकलं नाही.

जेसिका कोहेन आणि पास्कालिन द्युपा या अर्थशास्त्रज्ञांनी केनियातल्या दवाखान्यांत गरोदर बायकांना मच्छरदाण्या दिल्या. कुठे फुकट, कुठे थोड्या पैशात. निष्कर्ष 2010 मध्ये छापून आले. किंमत शून्यावरून 0.60 डॉलर, म्हणजे तेव्हाचे जेमतेम 25 रुपये झाली, तर घेणाऱ्या बायका 100 मागे 60 ने कमी झाल्या. पंचवीस रुपयांनी!

मग फुकटवाल्यांनी त्या गुंडाळून ठेवल्या का? न सांगता घरी जाऊन पाहिलं. मच्छरदाणी टांगलेली आहे का, एवढंच. फुकट घेणारीच्या घरी ती टांगलेली असण्याची शक्यता पैसे देणारीपेक्षा कमी नव्हती. पैसे देणाऱ्या जास्त गरजू असतील म्हणावं, तर रक्त तपासल्यावर मलेरियाने येणारा रक्तक्षयही त्यांच्यात जास्त निघाला नाही.

द्युपा यांनी पुढे आणखी एक पाहिलं: आधी फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळालेले लोक वर्षभराने दुसरी मच्छरदाणी विकत घ्यायला जास्त तयार होते. सवय लागली होती.

आमच्या आजीची मच्छरदाणीही फुकटचीच. खिडकीच्या गजाला लुगड्याच्या काठाने बांधलेली, तीन ठिकाणी शिवलेली. रोज संध्याकाळी दिवा लावला की ती आधी खाली सोडायची.