घास, पाऊल आणि शब्द: विकासाला उशीर होणाऱ्या बाळाचा दिवस

माझ्या बहिणीची मुलगी २६ महिन्यांची आहे. दुपारी ती भिंतीला पाठ टेकवून छोट्या पाटावर बसते, तिचे दोन्ही तळपाय जमिनीवर नीट टेकलेले आहेत ना हे तिची आजी पाहते, आणि मग उंच काठाची, तळाशी जड असलेली वाटी तिच्यासमोर येते. चमच्याची मूठ जाड व्हावी म्हणून तिच्यावर कापडाची पट्टी गुंडाळलेली असते. वरणभात मुद्दाम घट्टसर कालवलेला असतो, कारण पातळ भात तोंडापर्यंत पोहोचेस्तोवर सांडतो आणि सगळे कष्ट वाया गेल्यासारखे होऊन ती चमचा टाकून देते. चमचा वाटीत घालायचा, मनगट वळवून भात उचलायचा, तो आडवा धरूनच वर आणायचा आणि बरोबर त्याच वेळी तोंड उघडायचे, एवढी कामे एका घासात असतात. पाय लोंबकळत असले किंवा पाठीला आधार नसला, तर तिची निम्मी शक्ती तोल सांभाळण्यातच खर्च होते आणि हाताच्या वाट्याला काही उरत नाही. धड स्थिर असेल तरच हात मोकळा होतो, हे शरीरशास्त्र आमच्या घरात त्या पाटाने शिकवले.

उशीर म्हणजे नेमके काय, हे आधी पाहायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील निरोगी बाळांचा अभ्यास करून २००६ मध्ये हालचालींच्या टप्प्यांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत दिल्लीतील बाळेही होती. त्यानुसार आधाराशिवाय चालणे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही सुरू होऊ शकते, आणि सुमारे ४ टक्के बाळे तर हात व गुडघ्यांवर रांगतच नाहीत. त्यामुळे शेजारचे मूल वाढदिवसाच्या आत चालले आणि आपले चालले नाही, एवढ्यावरून काही ठरत नाही. मात्र १८ महिने होऊनही मूल चालत नसेल किंवा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, दोन वर्षे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. शिकलेले शब्द किंवा हालचाली मूल विसरू लागले, तर एक आठवडाही थांबू नये. हालचाल, हाताचे कौशल्य, भाषा, समज, इतरांशी वागणे आणि स्वतःची कामे करणे यांपैकी दोन किंवा अधिक बाबतींत पाच वर्षांखालील मूल बरेच मागे असेल, तर त्याला डॉक्टर सर्वांगीण विकास-विलंब म्हणतात. हे वर्णन आहे, कारण नव्हे. कारण वेगळे शोधावे लागते.

आमची मुलगी आठ आठवडे आधी जन्मली, म्हणून तपासणीत तिचे वय २६ नव्हे तर २४ महिने धरले गेले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वय साधारण दोन वर्षांपर्यंत असे दुरुस्त करून मोजतात. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या निरीक्षणांवरून तयार केलेली ‘डासी’ ही चाचणी आजही आपल्याकडे वापरली जाते. तिच्यात ३० महिन्यांपर्यंतच्या वयासाठी हालचालींच्या ६७ आणि आकलनाच्या १६३ गोष्टी पाहतात. मूल ज्या वयाच्या गोष्टी करते ते वय भागिले त्याचे खरे वय, गुणिले १०० असा विकासांक निघतो. २४ महिन्यांचे मूल १४ महिन्यांच्या मुलाइतके करत असेल, तर तो सुमारे ५८ येतो, आणि ७० च्या खालचा अंक म्हणजे विलंब असे मानले जाते. हा आकडा त्या दिवसाचा असतो. तो कागदावर पाहून आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो, हे मी जवळून पाहिले आहे. पण तो मुलाच्या भविष्याचा निकाल नाही.

‘याचा बाबाही उशिराच बोलला’, ‘मुलगे उशिरा बोलतात’, ‘पोपटाने उष्टावलेला पेरू द्या’ अशी वाक्ये प्रेमानेच म्हटली जातात. तरीही त्यांच्या आधाराने गेलेले सहा-आठ महिने मला फार महाग वाटतात, कारण विलंबाची काही कारणे वेळेवर कळली तर त्यांवर उपाय आहे. थायरॉईडचे संप्रेरक कमी असलेल्या बाळाला जन्मानंतर लवकर गोळी सुरू झाली, तर मेंदूची हानी मोठ्या प्रमाणात टळते. ऐकू कमी येत असेल तर बोलणे उशिरा येणारच, आणि ते बेरा नावाच्या चाचणीने झोपलेल्या बाळातही तपासता येते. आईच्या आहारात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी असेल, तर केवळ अंगावर पिणारे बाळ मलूल होते, आलेल्या हालचाली हरवते. जीवनसत्त्व दिल्यावर त्यात लक्षणीय सुधारणा होऊ शकते. (जिभेवर मध-वेखंड चाटवण्याचा आग्रह झाला, तर एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये एवढे तरी नक्की सांगावे, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.) २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि पुढच्या मदतीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. अंगणवाडीताईंनी शंका बोलून दाखवली, तर त्याचा राग धरू नये.

आता पावलांकडे वळू. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचा मोकळा खेळ चित्रित करून पावले मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावले आणि १७ वेळा पडणे, असा तो हिशेब निघाला. दिवसात सहा तास असा खेळ झाला तर सुमारे १४,००० पावले होतात, आणि त्यांतले प्रत्येक पाऊल निराळे असते: कधी सतरंजीच्या कडेवर, कधी उंबऱ्याशी, कधी हातात लाटणे घेऊन. मेंदूतील जे मार्ग पुन्हापुन्हा वापरले जातात ते बळकट होतात आणि त्यांतून संदेश वेगाने जाऊ लागतात. ज्या मुलाचे स्नायू सैल आहेत ते लवकर दमते, म्हणून कमी हालते. कमी हालल्याने सराव कमी मिळतो आणि कपाटाखाली काय आहे, दाराआड कोण आहे हे पाहण्याची संधीही कमी मिळते. उशिरातून उशीर वाढतो तो असा. आठवड्यातून दोनदा पाऊण तासाची फिजिओथेरपी मिळाली तरी ती जागेपणीच्या सुमारे ८४ तासांपैकी दीड तास होते. थेरपिस्ट काय दाखवतात ते फार मोलाचे असते, पण ते रुजते उरलेल्या तासांत.

म्हणूनच या मुलांना प्लॅस्टिकच्या गोल वॉकरमध्ये बसवू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्यात मूल झोळीत लटकते, चवड्यांनी जमीन ढकलते, आणि तोल सांभाळण्याचे काम, जे खरे शिकायचे असते, ते चाके करतात. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. आपल्या जुन्या घरांतला लाकडी पांगुळगाडा वेगळा आहे, कारण तो उभे राहून ढकलावा लागतो आणि शरीराचे वजन मुलाच्याच पायांवर राहते. आमच्याकडे त्यावर तांदळाची पिशवी ठेवली, तेव्हा तो पुढे पळायचा थांबला आणि तिला त्याच्या वेगाने नव्हे, तर स्वतःच्या वेगाने चालता येऊ लागले.

बोलण्याच्या बाबतीत सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे थांबणे. ‘दूध हवे का पाणी?’ असे विचारून मोठी माणसे एका श्वासात स्वतःच उत्तर देतात. ऐकलेले समजून घेणे, उत्तर ठरवणे आणि ओठ-जीभ हलवणे यांसाठी या मुलांना जास्त वेळ लागतो. दोन्ही वस्तू समोर धरून मनात दहा आकडे मोजले, तर सातव्या-आठव्या आकड्याला तिची नजर पेल्याकडे जाते, मग हात उठतो, कधी ‘पा’ असा आवाज येतो. नजर, बोट आणि आवाज ही सगळी उत्तरेच आहेत आणि त्यांना लगेच प्रतिसाद मिळाला, की पुढच्या वेळी ती पुन्हा प्रयत्न करते. मोबाईलवरची बडबडगीते कितीही गोड असली तरी ती तिच्यासाठी थांबत नाहीत.

हे सारे एकट्या आईने करायचे असे मात्र नाही. माझी बहीण काही महिने दिवसभर वही घेऊन व्यायाम मोजत राहिली आणि मुलगी तिला पाहिले की तोंड फिरवू लागली. आता वेगळे असे व्यायाम थोडेच आहेत, आणि जेवण, आंघोळ, कपडे यांतले एकेक काम घरातल्या एकेकाने घेतले आहे. कपड्यांचे काम बाबांचे आहे. फ्रॉक घालणे शिकवताना ते शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात: डोके, हात सगळे ते घालून देतात आणि छातीपासून खाली ओढण्याचे काम तिच्यावर सोडतात, म्हणजे काम पुरे होण्याचा आनंद दर वेळी तिच्याच हाती येतो. तीन आठवड्यांत ती फ्रॉक खाली ओढू लागली. सध्या तो डोक्यावरच सोडलेला असतो, आतून ‘भो’ असा आवाज येतो आणि थोड्या वेळाने तिचे केस विस्कटलेले डोके वर येते.