हौद्यात पोती टाकली की पिकअप निघतेच?

‘टू-व्हील ड्राइव्ह पिकअप चिखलात रुतली तर हौद्यात वाळूची पोती टाका, निघतेच’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात अर्धं तथ्य आहे. रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते आणि ताकद बहुधा मागच्याच चाकांना जाते. म्हणून ओल्या मुरमाच्या चढावर वजनाने पकड वाढते. मऊ चिखलात मात्र तेच वजन चाक आणखी खाली दाबतं. शिवाय साध्या डिफरन्शियलमुळे (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे) एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. रुतलेल्या गाडीकडे बाजूला, लांब उभं राहून पाहा: मागचं एकच चाक गरगरतं, दुसरं ढिम्म. मग रेस देणं थांबवा, चाकापुढचा चिखल उपसा, फळी घाला. (मागे कुणी उभं नको, फळी उडते.)